गुरवांच्या दुकानातला घट

माणूस चंद्रावर पोचला तरी फोन चार्ज होईना म्हटल्यावर आधी वायर काढून पुन्हा घालतो. ओवी गुरवनं तेच केलं. मग वायर उलटी करून घातली, फोनच्या खाचेत फुंकर मारली, टाचणीनं ती खाच कोरून पाहिली, फोन बंद करून चालू केला. फोन चालू झाला, चार टक्के म्हणाला आणि चारावरच हटून बसला.

एरवी हा प्रकार हसण्यावारी नेता आला असता. पण ओवी घरी नव्हती आणि चंद्रावरच्या तळावरही नव्हती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, एका कड्याखाली जुन्या मोहिमेनं सोडलेल्या निवाऱ्यात ती एकटी होती. ओवी भूगर्भशास्त्रज्ञ. दगडांचे नमुने घेत फिरताना तिची चांद्रगाडी घळीत उलटली आणि ती चालत इथवर आली. एवढं अंतर त्या अवजड पोशाखात एकटीनं कापलं, यावर दुसरी एखादी बाई वर्षभर पुरेल एवढं बोलली असती. ओवीनं तळावर कळवलं ते एवढंच, की पोचले, आणि गुडघा दुखतोय.

निवाऱ्यात हवा मुबलक होती. हीटर होता, रेडिओ होता, बाहेर सौरपत्रा होता आणि त्याच्यावर स्वच्छ ऊन होतं. वीज साठवायला मात्र काही नव्हतं. निवाऱ्याचा साठवणीचा घट, म्हणजे बॅटरी, थंडीनं तडकून केव्हाच निकामी झाला होता. ध्रुवाजवळ सूर्य डोक्यावर येत नाही, क्षितिजाला धरून गोल फिरतो, आणि थोड्या वेळात तो कड्याआड जाणार होता. ऊन गेलं की वीज गेली, वीज गेली की हीटर गेला. त्या अंधारात हीटरशिवाय माणूस किती टिकतो हे ओवीला तोंडपाठ होतं, म्हणूनच ती ते मनात आणत नव्हती. तिला न्यायला दुसरी गाडी निघाली होती, पण ती ऊन गेल्यावर बऱ्याच वेळानं पोचणार होती. मधला वेळ निभावायचा तर कुठेतरी वीज भरून ठेवायला हवी, आणि तशी वस्तू तिच्याजवळ एकच होती. फोन.

फोनच्या बॅटरीवर हीटर कसा चालेल बुवा, असं विचारणाऱ्यांनी माणसाचं बोलणं समजणारा जाणता घट पाहिलेला नाही. मुठीत मावतो, आणि पुरता भरला असेल तर एका बिऱ्हाडाचे दिवे-पंखे दिवसभर ओढतो. लोक फोन बदलतात, घट तोच ठेवतात. ओवीचा घट पंधरा वर्षांचा होता, वडिलांकडून, आण्णांकडून आलेला. वडील गेले तेव्हा भावानं दुकान घेतलं आणि ओवीनं घट मागून घेतला. बाकी काही मागितलं नाही.

"मुक्ताताई, नाही होत," ओवी रेडिओवर म्हणाली. "सगळं करून पाहिलं."

तळावर मुक्ता ओगले माइकपुढे बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड, आवाज शाळेतल्या बाईंचा. जाणत्या घटाला भाषा शिकवणारी जी पाच-सहा डोकी होती त्यांतलं एक हिचं. अशी बाई नेमकी आपल्या तळावर असावी हे ओवीचं नशीब, असं जो तो म्हणत होता. मुक्ताला नशीब या शब्दाचा राग होता. तिला नीट विचारलेला प्रश्न आवडायचा.

"सगळं म्हणजे काय ते सांग. त्याला काय म्हणालीस?"

"पुस्तकात लिहिलंय तेच. वीज अनोळखी आहे म्हणून त्यानं परवानगी मागितली. मी म्हटलं, 'चार्ज वाढव.'"

यात वावगं काही नव्हतं. तळावरच्या नेहमीच्या चार्जिंगच्या पाटावर फोन ठेवला की आपोआप भरतो. पण वीज परकी असेल तर जाणता घट मालकाच्या तोंडून आज्ञा मागतो, नाहीतर कोणीही वाटेल तसली वीज घालून त्याला मारून टाकेल. निवाऱ्यातली वीज त्याला परकी होती.

"मग?"

"मग काहीच नाही. आत येणारी वीज शून्य. पाच-सहा वेळा म्हटलं. एकदा तर ओरडले."

"ताई, घट मेला असन." हा तिसरा आवाज शिवदास इंगळेचा. तो ओवीला आणायला निघालेली गाडी चालवत होता. अकोल्याकडचा माणूस, बोलायला फटकळ, पण खडकाळ उतारावर गाडी धरावी तर त्यानंच. "पंधरा वर्षं म्हंजे का थोडी झाली."

"मेलेला घट चार टक्के दाखवत नाही," मुक्ता म्हणाली. "ओवी, आज्ञा दिल्यावर पडद्यावर काय उमटतं? शब्दन् शब्द वाच."

"'आज्ञा पाळली.'"

मुक्तानं विचारलं, "'नाकारली' नाही? 'समजली नाही', असंही नाही?"

"नाही. दर वेळी 'आज्ञा पाळली.'"

"मग तो बिघडलेला नाही. तो निमूटपणे ऐकतोय. आपण त्याला काय सांगतोय ते आपल्यालाच कळत नाहीये."

"मले तर काहीच नाही समजलं," शिवदास म्हणाला. "जरा उलगडून सांगा."

मुक्तानं सांगितलं. घाईची वेळ होती, पण घाईतही तिचं बोलणं धुतल्या तांदळासारखं स्वच्छ असे. "जाणत्या घटाच्या आत एक पापुद्रा असतो. तो उघडला की वीज आत येते, मिटला की बंद, आणि उलटा उघडला की वीज बाहेर. तो कधी उघडायचा ते घट आपल्या शब्दांवरून ठरवतो. कारखान्यात आम्ही त्याला शब्दकोश दिला होता. पण माणसं कुठे कोशाप्रमाणे बोलतात? एक म्हणतं चार्ज कर, दुसरं म्हणतं लाव, तिसरं म्हणतं टाक. कोणाकोणाला पुरे पडणार? म्हणून आम्ही त्याला एकच नियम घातला. शब्दाचा अर्थ कोशात शोधू नकोस, वापरात शोध. ज्याच्याकडे राहशील तिथे तो शब्द उच्चारल्यावर काय घडतं ते बघ. जे घडतं तो अर्थ."

"आन् कोशाचं काय?"

"कोश पहिल्या वर्षापुरता. पुढे ऐकलेलं आणि पाहिलेलं जिंकतं."

"डोकं लावलं बाप्पा तुम्ही," शिवदास म्हणाला. हे कौतुक की टोमणा ते त्याच्या आवाजावरून कधीच कळत नसे. खरं सांगायचं तर कौतुकच होतं. लहान मूल भाषा शिकतं ते असंच, आणि हे एका धातूच्या डबीला शिकवायचं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे.

"ओवी, हा घट पंधरा वर्षं कुठे होता?"

"आण्णांच्या दुकानात. गावच्या देवीच्या पायऱ्यांशी आमचं नारळाचं, हाराफुलांचं दुकान. फोन समोरच्या फळीवर उभा असायचा. किती नारळ राहिले, काय मागवायचं, सगळ्यावर त्याचीच नजर."

"म्हणजे दुकानातला माल कमी-जास्त होतो ते त्याला दिसत होतं."

"हो, तेच तर काम त्याचं."

"मग मला एक सांग, तुमच्या दुकानात 'वाढव' म्हणजे काय?"

रेडिओवर मग ओवी हसली, पण ते हसू रडण्याच्या अंगानं जाणारं होतं.

"अगं आई गं. नारळ वाढवायचा, ताई. देवापुढे नारळ फोडतो असं कोण म्हणतं? 'वाढवून देऊ का?' आण्णांचं दिवसभर हेच चालायचं. संध्याकाळी फळ्या लावताना, 'चला, दुकान वाढवू.' बंद करू असं म्हणायचं नाही. माल संपला तरी संपला नाही म्हणायचे. 'हार वाढले हो आजचे, उद्या या.' आईच्या हातातली बांगडी पिचली तर बांगडी वाढवली."

मराठी माणूस अभद्र शब्दाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. फुटलं, मिटलं, संपलं, हे सगळं तो एका 'वाढवलं'मध्ये गुंडाळून ठेवतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते बरोबर कळतं. घटालाही कळलं होतं. पंधरा वर्षं त्यानं फळीवर बसून पाहिलं होतं, की हा शब्द आला की अख्खी वस्तू फुटते, उघडं दुकान मिटतं, भरलेली टोपली रिकामी होते. त्यानं जो निष्कर्ष काढला तो कोणाही शहाण्या माणसानं काढला असता.

"म्हणजे मी चार्ज वाढव म्हटलं की..."

"तो दुकान बंद करतो. तू पाच-सहा वेळा म्हणालीस, त्यानं तितक्या वेळा फळ्या आवळल्या."

"मंग पुसून टाका ना त्याची आठवण," शिवदास म्हणाला.

"त्याला तळावरचं यंत्र लागतं आणि अर्धा भरलेला घट लागतो. दोन्ही नाही. ओवी, ऊन कुठवर आलंय?"

"कड्याला टेकत आलंय."

"एवढं काहून डोकं खाता?" शिवदास म्हणाला. "सोपं हाय. 'भर' म्हणा. भर म्हंजे भर, त्यात काय दोन अर्थ?"

"थांब," मुक्ता म्हणाली, पण ऊन टेकलेलं डोळ्यांसमोर असताना कोण थांबतं? ओवीनं फोन तोंडाशी धरून 'चार्ज भर' म्हटलंही. फोनचा दिवा भगभगून पेटला, वायर गरम झाली आणि चाराचे दोन झाले. ओवीनं घाईघाईनं वायर उपटली.

"गेले दोन टक्के. त्यानं वीज बाहेर ओतली, ताई." मग तिचं तिलाच उमगलं. "ओटी. 'ओटी भरायची का, ताई?' असं आण्णा विचारायचे, आणि नारळ, खण, तांदूळ सगळं आमच्या फळीवरून उचलून गिऱ्हाइकाच्या पदरात. भर म्हणजे दुकानातून जाणं."

शिवदास मग म्हणाला, "चुकलं माझं, ओवी." एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले हीच मोठी गोष्ट होती.

"आता कोणी अवाक्षर काढू नका," मुक्ता म्हणाली. पापुद्रा हलवायलाही वीज लागते, आणि उरलेल्या दोन टक्क्यांत तो एकदाच हलणार होता. "ओवी, नीट आठव. दुकान म्हटलं की जाणाराच माल डोळ्यांपुढे येतो. पण काहीतरी आतही येत असेल. रिकामं दुकान भरताना आण्णा काय म्हणायचे?"

ओवीनं डोळे मिटले. त्या पत्र्याच्या निवाऱ्यात बसून तिनं दुकान आठवलं. आधी ओल्या झेंडूचा वास आठवला, मग पोत्यांचा.

"सकाळी टेम्पो यायचा, नारळाची पोती घेऊन. आण्णा बाह्या सरसावून फळीपाशी उभे राहायचे आणि टेम्पोवाल्याला म्हणायचे... 'उतरव. उतरव रे, उतरव.' दुकान शिगोशीग भरेपर्यंत एकच शब्द."

"उतरव?" न बोलण्याचं ठरवूनही शिवदासला राहवलं नाही. "ताई, बॅटरी उतरली म्हंजे काय होते ते शेंबडं पोरगं सांगन. आहे तेबी जाईन."

तो चुकीचं बोलत नव्हता. कारखान्याच्या कोशात 'उतरवणे' म्हणजे कमी करणे असंच लिहिलेलं होतं, आणि ते लिहिताना मुक्ता स्वतः हजर होती. कोशाचा तो अर्थ घटात कुठे चिकटून राहिला असेल, तर शेवटचे दोन टक्के जाणार, आणि त्यामागून ओवी जाणार. मुक्तानं हे लपवलं नाही.

"शिवदास म्हणतो ते होऊ शकतं. नियम मी घातलाय, पण पंधरा वर्षं जुन्या घटावर तो कोणी तपासलेला नाही. मला खात्री देता येत नाही, ओवी. फोन तुझा, जीव तुझा."

"मला आहे खात्री," ओवी म्हणाली. "आण्णांनी त्या फळीपाशी घसा फोडलाय, ताई. त्यानं ऐकलं नसेल असं होणार नाही."

तिनं वायर पुन्हा लावली. घटानं परवानगी मागितली. तिनं पुस्तकातला आवाज बाजूला ठेवला, टेम्पोवाल्याला हाक घालावी तसा सूर लावला आणि म्हणाली, "उतरव रे, उतरव."

पडद्यावर 'आज्ञा पाळली' आलं. मग तीन झाले. मग पाच. मग आकडा असा पळायला लागला की ओवीला वाचून दाखवता येईना. मुक्तानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ती मोकळेपणी रडली. तिला आयुष्यात पुष्कळ पारितोषिकं मिळाली होती; त्यांतल्या एकाही वेळी तिला एवढा आनंद झाला नव्हता. तिनं लिहिलेल्या एका ओळीच्या नियमावर कुठल्याशा डोंगरातला नारळवाला आणि एक डबी मिळून आपली एक भाषा उभी करतात, आणि ती भाषा चंद्रावर खरी ठरते. शिवदास तर गाडीत एकटाच "उतरव, उतरव" म्हणत होता.

सूर्य कड्याआड गेला तेव्हा घट साठाच्या पुढे गेला होता. मुक्तानं हिशेब केला आणि तिचा आनंद थोडा आखडला. हीटर मंद ठेवला तर जेमतेम पुरेल, कदाचित थोडं कमीच पडेल. बोलायचा रेडिओ वीज फार खातो, तो बंद करावा लागणार होता. घटानं अधूनमधून एखादा शब्द पाठवायचा, तोच ओवीच्या पडद्यावरही उमटेल, इतकंच ठेवलं.

रेडिओ बंद करण्याआधी शिवदासनं एक गोष्ट पक्की केली. फाट्यापासून निवाऱ्याकडे दोन वाटा होत्या. एक वरून, कड्यावरून थेट दारात जाणारी. दुसरी लांबची, खालून, दरीतून. वरची वाट पायी चालायची नव्हती. "हीटर गेला आन् निभत नाही असं वाटलं तर पोशाख चढवून खालच्या वाटेनं माझ्याकडे चालत निघ. निघताना 'येते' म्हणून कळव. मी फाट्यावरून खाली वळतो."

"बरं, दादा." पोशाखातली उरलेली हवा तासाभराची होती. फाट्यावर एकदा चुकीची वाट धरली तर परत फिरून दुसरी धरायला तेवढा वेळ पुरणार नव्हता. तिघांनाही ते ठाऊक होतं.

मग रेडिओ गप्प झाला. घटाकडून अधूनमधून 'ठीक' असा शब्द यायचा. मुक्ता पडद्यासमोरून हलली नाही. कोणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. शिवदास फाट्याजवळ पोचतच होता, तेव्हा पडद्यावर नवा शब्द उमटला.

येतो.

आणि त्यानंतर काहीच नाही.

"निघाली," गाडीतून शिवदास म्हणाला. त्याच्याही पडद्यावर ते दिसलं होतं. "मी खाली वळतो, ताई."

"थांब. ती 'येते' म्हणणार होती. इथे 'येतो' आहे."

"थंडीनं बोट घसरलं असन."

"बोट घसरलं तर भलतंच अक्षर पडेल. ओवी स्वतःला 'येतो' म्हणेल का कधी? हे तिनं लिहिलेलं नाही, शिवदास. घट बोलतोय. तो 'येतो'च म्हणणार. दुकानातून निघताना गिऱ्हाईक काय म्हणतं? आण्णा घरी जाताना फळीकडे बघून काय म्हणत असतील?"

शिवदासनं गाडी थांबवली होती. "'जातो' कोण म्हणते," तो हळू आवाजात म्हणाला. "'येतो'च म्हणतेत. म्हंजे घट चालला."

"चालला."

"मंग तर खालीच जा लागते. घट गेला, हीटर गेला. आता पोरीनं कळवायचं ठरवलं तरी कशानं कळवन? ती निघालीच असन. ठरलंच होतं तसं."

बिनतोड बोलला होता. मुक्तानं घटाचा विचार सोडला आणि ओवीचा केला. अंधारात बसलेली ओवी, हातात फोन, आणि त्याच्यावर विझता विझता उमटलेला तो एक शब्द.

"तिच्या पडद्यावरही हेच आलं असेल," ती म्हणाली. "येतो. शिवदास, कोणी 'येतो' म्हणून बाहेर पडलं तर आपण घराला कुलूप लावून निघून जातो का? वाट बघतो. त्या दुकानात 'येतो' म्हणून गेलेलं माणूस पुढच्या वारी, पुढच्या जत्रेला परत आलेलं तिनं लहानपणापासून पाहिलंय. ती दार सोडणार नाही. बसून राहील."

"आन् घट? तो येते का वापस?"

"नाही रे. एवढ्या थंडीत निजलेला घट पुन्हा उठल्याचं मी पाहिलेलं नाही. तो यायचा नाही आणि ती त्याची वाट बघत गारठून जाईल. म्हणून म्हणते, वरून जा. जेवढी पळवता येईल तेवढी पळव."

शिवदासला हे पटलं की नाही, ते त्यानं कधी सांगितलं नाही. त्यानं चाक वर वळवलं.

कड्यावरून उतरताना त्याला निवारा दिसला. एकही दिवा नव्हता. दाराशी पायांचे जाणारे ठसे नाहीत हे त्यानं आधी पाहिलं आणि मग झडपेतून आत शिरला. भिंतींवर हिमाची साय धरली होती. कोपऱ्यात, हाती लागलं ते अंगाभोवती गुंडाळून, छातीशी फोन धरून ओवी बसली होती. त्याच्या विजेरीच्या उजेडात तिनं डोळे किलकिले केले.

"आली होय गाडी," ती म्हणाली. ओठ धड हलत नव्हते.

"आहे पोरगी, ताई. जिती हाय," शिवदास कानातल्या रेडिओत म्हणाला. "चल ओवी, ऊठ. गाडी गरम हाय."

"जरा थांबा, दादा. तो येतो म्हणालाय."

थंडी हिच्या डोक्यात चढली, असं शिवदासला वाटलं. मुक्तानं ते रेडिओतून ऐकलं. तिला वाटलं होतं नेमकं तसंच झालं होतं. तिनं शिवदासला रेडिओचा आवाज मोठा करायला सांगितला.

"ओवी, बाळ, ऐक माझं. तो नाही यायचा. ऊठ आता."

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं, ताई. पोशाखात एक पाय घातलासुद्धा होता. मग म्हटलं, 'येतो' म्हणालाय, बघू तर थोडं. आणि आला. हीटर लावला. मग पुन्हा 'येतो' म्हणून गेला आणि पुन्हा आला. तुमच्यापर्यंत निरोप पाठवायला वीज लागते, म्हणून नंतर तो मला एकटीलाच सांगून जातो. आता तिसऱ्यांदा गेलाय."

मुक्ता थक्क झाली. मग तिला सगळं लख्ख दिसलं. कारखान्यातून आलेला कोरा घट हीटर चालू ठेवून शेवटचा थेंब जाईपर्यंत जळतो, आणि थंडीत तसा रिता झालेला घट उठत नाही. पण या घटाच्या लेखी 'येतो'चा अर्थ नुसतं जाणं नव्हता. पंधरा वर्षं त्यानं पाहिलेलं 'येतो' म्हणजे जाणं आणि परत येणं. परत यायचं ज्याच्या मनात असतं तो गाठीचं सगळं उधळून निघत नाही. म्हणून तो रिता व्हायच्या आधीच थांबत होता, स्वतःपुरती ऊब राखून अंग सावरत होता आणि मग उठत होता. जुनी विजेरी विझवून थोडी पडू दिली की पुन्हा लागते, तसंच. फरक इतकाच की विजेरीला आपण विझवतो. हा आपला आपण विझत होता, दिलेल्या शब्दासाठी.

"हे मी शिकवलेलं नाही," मुक्ता म्हणाली. "यातलं काही म्हणजे काही मी शिकवलेलं नाही."

शिवदासनं ओवीच्या खांद्यावर आपल्याजवळचं जाड पांघरूण टाकलं. गाडी गरम होती, हवा पुरेशी होती, घाई तशी संपली होती. तो तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

"थांबू मंग," तो म्हणाला. "इतकं सांगून गेला हाय तर."

दोघं फोनकडे बघत बसली, आणि तळावर मुक्ता नुसत्या खरखरीला कान लावून बसली. बराच वेळ काही झालं नाही. शिवदासनं एकदा ओवीकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. मग हीटरची तार आधी काळसर, मग लाल झाली, आणि फोनच्या पडद्यावर शब्द उमटला.

आलो.

"ये बाप्पा, ये," शिवदास म्हणाला, आणि जागा करून द्यावी तसा थोडा बाजूला सरकला.